प्रकाशाचा व्यास : फास्ट टेलिफोटो लेन्सच्या अभ्यासाची प्रस्तावना

३०० मिलिमीटर नाभीय अंतराची आणि एफ/२.८ छिद्राची कोणतीही लेन्स घ्या. ती १९७२ सालची असो की २०२४ सालची, समोरून तिच्यात डोकावले तर प्रकाशासाठी ठेवलेली वाट साधारण १०७ मिलिमीटर रुंद दिसेल. हा आकडा कोणत्याही कंपनीने ठरवलेला नाही. ३०० ला २.८ ने भागले की तो येतो. गेल्या अर्धशतकात काच बदलली, धातू बदलला, फोकस करण्याची रीत बदलली, फिल्म गेली आणि सेन्सर आला; हे १०७ मिलिमीटर मात्र जागचे हलले नाहीत. या विषयात येणाऱ्याने हा स्थिर आकडा आधी मनाशी पक्का धरावा. त्याच्याभोवतीचे बाकी सगळे माणसांनी कसकसे हलवत नेले, याचीच हकीकत म्हणजे फास्ट, म्हणजे मोठ्या छिद्राच्या, टेलिफोटो लेन्सचा इतिहास.

या लेन्स आपल्याला अनोळखी नाहीत. वानखेडेच्या सीमारेषेबाहेर ओळीने बसलेल्या छायाचित्रकारांपुढे आणि ताडोबाच्या जिप्सीत वाळूच्या पिशवीवर टेकवलेल्या कॅमेऱ्यांवर आपण त्या पाहिलेल्या असतात. त्यांतून निघालेली चित्रे तर रोजच्या वर्तमानपत्रात असतात: चेंडूवर खिळलेली फलंदाजाची नजर आणि मागे विरघळून गेलेली प्रेक्षकांची गर्दी. अशा चित्रामागे प्रकाशशास्त्र, स्फटिकांची भट्टी, सूक्ष्म यंत्रकाम, ऑलिंपिकची स्पर्धा आणि पक्षीनिरीक्षकाची चिकाटी एकत्र आलेली असते. म्हणूनच या क्षेत्राची दारे अनेक आहेत. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी एका दाराने येईल, वृत्तछायाचित्रकार दुसऱ्या, जुन्या वस्तू जमवणारा तिसऱ्या. सगळ्यांचेच इथे स्वागत आहे आणि सोबत लागणारे गणित भागाकारापुरतेच आहे.

मूळ पेच आधी समजून घेऊ. नाभीय अंतर वाढवले की दूरची वस्तू मोठी उमटते, पण तिच्याकडून आलेला प्रकाश तितक्याच मोठ्या जागेवर पसरतो आणि चित्र अंधारते. उजेड पूर्वीइतका हवा तर छिद्रही त्याच प्रमाणात रुंद करावे लागते. पावसात ठेवलेल्या घंगाळात किती पाणी साचेल हे त्याच्या तोंडावर ठरते, लेन्सचेही तसेच. ५० मिमीच्या लेन्सला एफ/२.८ साठी १८ मिमीचे छिद्र पुरते, ४०० मिमीच्या लेन्सला १४३ मिमीचे लागते. म्हणजे व्यास आठपट आणि क्षेत्रफळ चौसष्टपट. काचेची जाडीही त्याच प्रमाणात वाढवली, तर वजन पाचशे पटींच्या पुढे जाते. हा खर्च कशासाठी करायचा? एफ/५.६ ऐवजी एफ/२.८ मिळाले की चौपट प्रकाश मिळतो आणि १/२५० सेकंदाच्या जागी १/१००० सेकंदाचे शटर वापरता येते. धावणाऱ्या माणसाचा पाय पहिल्यात फरफटतो, दुसऱ्यात थांबतो. खेळ संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात रंगतात आणि जंगल पहाटे जागे असते. या दोन्ही वेळा प्रकाशाच्या टंचाईच्या.

फास्ट लेन्स आणि टेलिफोटो लेन्स यांचे उगम वेगवेगळे आहेत, हे अभ्यासकाने लक्षात ठेवावे. १८३९ मध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा तिच्या कॅमेऱ्याची लेन्स सुमारे एफ/१५ ची होती आणि चित्र काढून घेणाऱ्याला बराच वेळ निश्चल बसावे लागे. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातील गणिती योझेफ पेट्झव्हाल यांनी एफ/३.६ च्या आसपासची पोर्ट्रेट लेन्स रचली. आकडेमोडीसाठी त्यांना ऑस्ट्रियन तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक देण्यात आले होते. काच घासण्याआधी किरणांचा मार्ग कागदावर काढायचा, ही शिस्त या लेन्सने रुजवली. टेलिफोटोची कल्पना पुढची. १८९१ मध्ये लंडनचे थॉमस रुडॉल्फस डॉलमायर, जर्मनीचे आडोल्फ मीथे आणि म्युनिकचे श्टाइनहाइल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ती कॅमेऱ्यासाठी मांडली. पुढे बहिर्वक्र भिंगांचा गट आणि मागे अंतर्वक्र गट ठेवला, की लेन्सची लांबी तिच्या नाभीय अंतरापेक्षा कमी ठेवता येते. डॉलमायर यांनी १८९९ मध्ये या विषयावर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. सोयीची किंमत मात्र होती. मागचा गट पुढच्या गटाची प्रतिमा मोठी करतो, तसे तिचे दोषही मोठे करतो. दोष झाकायला छिद्र बारीक ठेवावे लागे आणि म्हणून सुरुवातीच्या टेलिफोटो लेन्स मंद होत्या. डोंगरमाथे आणि इमारतींचे कळस त्यांना साधत, उडता पक्षी साधत नसे.

हे दोन प्रवाह एकत्र आल्याची ठळक खूण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये दिसते. येना येथील कार्ल झाइसने त्यासाठी १८० मिमी एफ/२.८ ची झोनार लेन्स आणली. झोनारची मूळ रचना लुडविग बेर्टेले यांची आणि या लेन्सला पुढे ‘ऑलिंपिया झोनार’ हेच नाव चिकटले. तिचे मोल कळायला त्या काळची एक अडचण ठाऊक हवी. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार ते पाच टक्के प्रकाश परत फिरतो. तो वाया जातोच, वर आत इकडेतिकडे आपटून चित्र धुरकट करतो. बेर्टेले यांनी पाच भिंगे तीन गटांत चिकटवून हवेला लागणारे पृष्ठभाग सहावर आणले. झाइसमधीलच अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तनरोधक लेपाची पद्धत शोधली होती. महायुद्धानंतर असे लेप सर्रास झाले आणि भिंगांची संख्या वाढवण्याची मोकळीक रचनाकारांना मिळाली. झोनारने आणखी एक गोष्ट उघड केली. १८० मिमीचा फोकस रेंजफाइंडरने, म्हणजे लेन्समधून न पाहता अंतर मोजणाऱ्या साधनाने, नेमका साधणे कठीण होते, म्हणून या लेन्ससोबत आरशाची पेटी वापरली जाई. लेन्समधूनच पाहून फोकस करायला हवा, ही गरज आधी टेलिफोटोने निर्माण केली आणि १९५९ चा निकॉन एफ यांसारख्या एसएलआर कॅमेऱ्यांनी ती सर्वांसाठी भागवली.

तरीही ३०० मिमी एफ/२.८ यायला १९७० चे दशक उजाडावे लागले. आड येत होता रंग. काच निळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा जास्त वळवते, त्यामुळे प्रत्येक रंगाची नाभी वेगळ्या जागी पडते. लंडनच्या जॉन डॉलंड यांनी १७५८ मध्ये पेटंट घेतलेल्या जोडभिंगात दोन प्रकारच्या काचांनी दोन रंग एकत्र आणले, पण उरलेले रंग थोडे मागेपुढे राहतातच. ही शिल्लक चूक नाभीय अंतराच्या साधारण दोन-हजाराव्या भागाइतकी असते. ५० मिमीच्या लेन्समध्ये ती ०.०२५ मिमी, ३०० मिमीच्या लेन्समध्ये ०.१५ मिमी. आता छिद्राचा हिशेब करू. एफ/८ वर ०.१५ मिमीच्या चुकीने पडणारा रंगीत ठिपका ०.०१९ मिमीचा असतो. ३५ मिमी फिल्मसाठी ०.०३ मिमीपर्यंतचा ठिपका डोळ्यांना टोचत नाही, असे मानण्याचा प्रघात आहे, म्हणून हा दोष लपून राहतो. एफ/२.८ वर तोच ठिपका ०.०५४ मिमीचा होतो आणि पांढऱ्या पिसाच्या कडेला जांभळी किनार उमटते. मंद टेलिफोटो लेन्सचा मंदपणा हेच तिचे पांघरूण होते. ते काढायचे तर वेगळा पदार्थ हवा होता.

तो पदार्थ माहीत होता. फ्लुओराइट, म्हणजे कॅल्शियम फ्लुओराइडचा स्फटिक, रंगांना फार कमी फाकवतो आणि त्याचे अपस्करण, म्हणजे रंग फाकवणे, नेहमीच्या काचेहून वेगळ्या धाटणीचे असते. एर्न्स्ट आबे यांनी १८८० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाच्या चिमुकल्या भिंगांसाठी नैसर्गिक फ्लुओराइट वापरला होता. कॅमेऱ्याच्या मोठ्या भिंगाला पुरेल इतका मोठा आणि निर्दोष स्फटिक निसर्गात सहजी सापडत नाही. तो निर्वात भट्टीत वितळवून अतिशय सावकाश थंड करत वाढवावा लागतो. कॅननने हे तंत्र साधले आणि १९६९ मध्ये ३०० मिमी एफ/५.६ च्या लेन्समध्ये असा कृत्रिम स्फटिक बसवला. निकॉनने वेगळी वाट धरली: अपस्करण कमी असणारी, ईडी नावाची काचच तयार केली. १९७२ च्या साप्पोरो हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने तिची ३०० मिमी एफ/२.८ लेन्स छायाचित्रकारांच्या हाती आली. कॅननची फ्लुओराइटवाली ३०० मिमी एफ/२.८ त्याच दशकाच्या मध्यात आली. कॅनडातील मिडलंड येथे लाइट्झच्या शाखेत अमेरिकी नौदलासाठी आखलेली १८० मिमी एफ/३.४ आपो-टेलिट ही याच काळातली आणखी एक अभ्यासण्याजोगी लेन्स आहे.

पदार्थ बदलला की त्याचे स्वभावही सोबत येतात. फ्लुओराइट उष्णतेने काचेहून जास्त प्रसरण पावतो आणि उन्हात फोकस सरकतो. कॅननच्या मोठ्या लेन्सचा पांढरा रंग इथून आला, ऊन परतवण्यासाठी. याच कारणाने मोठ्या टेलिफोटो लेन्सचे फोकसचे कडे अनंताच्या खुणेच्याही थोडे पुढे फिरते, म्हणजे तापमान बदलले तरी दूरचा फोकस हातचा जात नाही. आज आपल्याला रुबाबाची खूण वाटणाऱ्या गोष्टीमागे एका स्फटिकाची तक्रार आहे, हे कळले की जुनी लेन्स वाचण्याची गोडी लागते.

रंग ताब्यात आला तेव्हा फोकसचा प्रश्न पुढे आला. जुन्या लेन्समध्ये जवळचे टिपायचे तर भिंगांचा सगळा समूह पुढे सरकवावा लागे. किलो-दोन किलोचा ऐवज मनगटाने ढकलायचा आणि तोही धावत्या खेळाडूच्या वेगाने. जर्मनीच्या नोवोफ्लेक्सने पिस्तुलासारखी मूठ देऊन ती दाबताच फोकस सरकेल अशी सोय केली होती, पण तिच्या लेन्स मंद होत्या. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात निकॉनने २०० मिमी एफ/२ आणि ३०० मिमी एफ/२.८ या लेन्समध्ये अंतर्गत फोकस आणला. पुढची जड भिंगे जागीच राहायची आणि आतला छोटा गट तेवढा सरकायचा. लेन्सची लांबी बदलेना, तोल ढळेना आणि कडे दोन बोटांनी फिरू लागले. या सुधारणेचा खरा लाभ दहा वर्षांनी दिसला. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० ने ऑटोफोकस रुळवला. त्याची मोटर कॅमेऱ्यात होती आणि एका बारीक दांड्यातून ती लेन्सला फिरवी. कॅननने १९८७ मध्ये मोटर लेन्समध्येच ठेवायचे ठरवले आणि ३०० मिमी एफ/२.८ मध्ये पहिली कड्याच्या आकाराची अल्ट्रासॉनिक मोटर बसवली. आतला गट आधीच हलका झाला नसता, तर त्या मोटरला तो इतक्या झपाट्याने हलवता आला नसता. एका पिढीची सोय पुढच्या पिढीचा पाया होते, याची अशी उदाहरणे या क्षेत्रात जागोजागी आहेत.

हाताचा कंप हा त्यानंतरचा प्रश्न. १९९५ मध्ये कॅननच्या ७५-३०० मिमी झूममध्ये कंप ओळखून एक भिंगगट उलट दिशेने हलवणारी यंत्रणा आली आणि १९९९ मध्ये ती ३०० आणि ४०० मिमी एफ/२.८, तसेच ५०० आणि ६०० मिमी एफ/४ पर्यंत पोहोचली. मग लक्ष वजनाकडे वळले. कॅननच्या ४०० मिमी एफ/२.८ ची वंशावळ इथे फार बोलकी आहे. १९९१ ची लेन्स ६.१ किलोची, १९९९ ची ५.३७ किलोची, २०११ ची ३.८५ किलोची आणि २०१८ ची २.८४ किलोची. छिद्र चारही वेळा तेच, १४३ मिमी. मॅग्नेशियम आणि टायटॅनियमचा वाटा यात आहे, पण मोठी कामगिरी रचनेची आहे. समोरच्या भिंगातून आत आलेला प्रकाश शंकूसारखा निमुळता होत जातो. त्यामागची भिंगे आणखी मागे, जिथे शंकू अरुंद होतो तिथे नेली, तर ती लहान करता येतात. मधे मोकळी जागा उरते आणि वजन कॅमेऱ्याकडे, म्हणजे हाताजवळ येते. सोनीने २०१८ मध्ये २.९ किलोच्या ४०० मिमी एफ/२.८ मध्ये हाच विचार केला आणि तिची २०२४ मध्ये बाजारात आलेली ३०० मिमी एफ/२.८ तर १.४७ किलोची आहे.

मुख्य रस्त्यासोबत आडवाटाही पाहाव्यात. आरसा रंगांत भेद करत नाही, म्हणून आरशांच्या लेन्स रंगदोषातून सुटतात आणि फार आखूडही होतात. पण मधला आरसा प्रकाश अडवतो, छिद्र बहुधा एफ/८ वर अडकून राहते आणि पार्श्वभूमीतले ठिपके कंकणासारखे दिसतात. दुसरी वाट विवर्तनाची. काचेवर कोरलेली सूक्ष्म वर्तुळे रंगांना काचेच्या उलट क्रमाने फाकवतात, म्हणून दोघांचे दोष एकमेकांना कापतात आणि थोड्या भिंगांत काम भागते. कॅननच्या ४०० मिमी एफ/४ डीओ लेन्सने ही वाट उघडली. निकॉनच्या २०१५ च्या ३०० मिमी एफ/४ ने याच तत्त्वावर वजन ७५५ ग्रॅमवर आणले. तीव्र प्रकाश समोरून आला की रंगीत कडी उमटण्याची शक्यता, ही तिची किंमत. तिसरी वाट निव्वळ आकाराची: सिग्माची २००-५०० मिमी एफ/२.८ साधारण १५.७ किलोची आणि कॅननची १२०० मिमी एफ/५.६ सुमारे १६.५ किलोची. या लेन्स हद्दीचे दगड आहेत. व्यासाला मुरड न घालता नुसते पुढे गेले की कुठे पोहोचतो, ते त्या दाखवतात.

आता आजचा कळीचा प्रश्न. सेन्सरची संवेदनशीलता इतकी वाढली असताना एवढे मोठे छिद्र हवे कशाला? २००७ च्या निकॉन डी३ ने आयएसओ ६४०० नेहमीच्या वापरात आणला आणि २०२० मध्ये कॅननने ६०० मिमी एफ/११ ची अवघी ९३० ग्रॅमची लेन्स काढली. तिने दूरचा पक्षी अनेकांच्या आवाक्यात आणला, ही मोलाचीच गोष्ट आहे. तरीही मोठे छिद्र निरुपयोगी ठरलेले नाही आणि त्याची कारणे पुन्हा त्या स्थिर आकड्यातच आहेत. विवर्तनामुळे कोणत्याही लेन्सची तपशील वेगळे करण्याची क्षमता तिच्या व्यासावर अवलंबून असते. १४३ मिमीचे छिद्र ५० मीटरवरच्या पक्ष्याच्या अंगावर जवळपास पाव मिलिमीटरचा तपशील वेगळा दाखवू शकते, ६०० मिमी एफ/११ चे ५५ मिमीचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त. हा फरक आयएसओ वाढवून भरून निघत नाही. पार्श्वभूमीचेही तसेच. विषय चित्रात तेवढाच मोठा ठेवला, तर मागची दूरची गर्दी किती विरघळेल हे छिद्राचा व्यासच ठरवतो. सॉफ्टवेअर आज विरघळण्याचा आभास देते, गोंगाट पुसते, तपशील भरूनही काढते. भरलेला तपशील आणि पाहिलेला तपशील यांतला फरक वृत्तछायाचित्रणात आणि निसर्गाच्या नोंदीत फार महत्त्वाचा आहे आणि पुढच्या अभ्यासकांनी तो काटेकोरपणे मांडायला हवा.

अभ्यासाची साधने आपल्या जवळपासच आहेत. कंपन्यांनी प्रसिद्ध केलेल्या भिंगांच्या आडव्या छेदाच्या आकृत्या घ्या, एकाच नाभीय अंतराच्या वेगवेगळ्या पिढ्या शेजारी ठेवा आणि कोणते भिंग कुठे सरकले ते पाहा. पेटंटे वाचा, त्यांत रचनाकार आधीच्या लेन्सचे दोष स्वच्छ शब्दांत सांगतो. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांशी बोला, कारण लेन्स कुठे झिजते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जुन्या भिंगांवर बुरशी धरते, त्यामुळे इथे टिकून राहिलेली प्रत्येक जुनी लेन्स कोरड्या कपाटात जपावी आणि तिची नोंद ठेवावी. जुने क्रीडाछायाचित्र पाहताना मैदान, वेळ, फिल्मचा वेग आणि छायाचित्रकाराची जागा यांचा मेळ घालून ते कोणत्या लेन्सने शक्य झाले असेल, याचा अदमास घ्या. आणि ज्यांनी ऑटोफोकस येण्याआधी ब्रेबर्नवर किंवा वानखेडेवर हाताने फोकस करत सामने टिपले, त्यांच्या आठवणी मराठीत लिहून घ्या. लेन्सचा निम्मा इतिहास ती धरणाऱ्या हातांत असतो.

कोणतीही लेन्स समोर आली की तिला एकच प्रश्न विचारावा: या व्यासाचा भार इथे कोणी उचलला आहे? पेट्झव्हालच्या काळी तो हिशेब करणाऱ्या सैनिकांनी उचलला. झोनारमध्ये तो भिंगे चिकटवण्याच्या युक्तीवर पडला, १९७० च्या दशकात स्फटिकाच्या भट्टीवर, नंतर मोटरवर, मग मोकळ्या जागेच्या रचनेवर, आणि आता त्याचा काही भाग संगणकीय प्रक्रियेकडे चालला आहे. प्रत्येक वेळी छायाचित्रकाराच्या खांद्यावरचे ओझे थोडे कमी झाले आणि त्याचे लक्ष समोरच्या माणसाकडे किंवा प्राण्याकडे थोडे जास्त लागले. हा प्रश्न हाती धरून जो अभ्यास करील, त्याला नव्या लेन्सच्या जाहिरातीतला दावा आणि खरी प्रगती यांतला फरक स्वतःच्या हिशेबाने ठरवता येईल. तो हिशेब करणारे मराठी वाचक वाढावेत, म्हणून हे निमंत्रण.